त्या भिंतीला खिळा मारायचा नाही

ढब्!

असा आवाज. टण् नाही, खण् नाही. ढब्. पिकलेल्या फणसावर बोटं मारली की येतो, तसा. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ऐकलाय मी तो, एका संध्याकाळी, आणि घरातले मला विचारतात, सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, मग जुन्या गोष्टी बऱ्या आठवतात! आता काय सांगू? गोळीला आवाज असतो का?

आणि त्यात ही परीक्षा! माझी नाही हो, नातीची. आश्लेषाची. बावीस वर्षांची पोर, मोठ्या कॉलेजात मॅनेजमेंट शिकायला जाणार, त्याची परीक्षा. आणि त्या परीक्षेत विचारतात काय, तर दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट शोधा! तुम्हाला सांगतो, आमच्या वेळी मोठ्या माणसाच्या बोलण्यात खोट काढली की कानाखाली बसायची. आता मार्क देतात!

मी बोलणारा माणूस नव्हे. मी एक वाक्य पुरं करेपर्यंत समोरचा चहा पिऊन कप विसळून येतो. पण आज मला थांबवू नका, थांबलो तर परत सुरू व्हायचं नाही. मी गवंडी. ज्योतिबा मिस्त्री. निपाणीकडचा. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. एकोणिसाव्या वर्षी बेंगळुरूला आलो आणि विटा रचत राहिलो. मल्लेश्वरम, जे. पी. नगर, इथलं राजाजीनगर... तिथली माणसं मला ओळखत नाहीत, भिंती ओळखतात.

मला शिकवलं गुंडू मिस्त्रींनी. तेही कमी बोलायचे. थापी उलटी धरायची, तिच्या मुठीनं भिंत ठोकायची, कान लावायचा. टण् आलं की पुढच्या भिंतीकडे. ढब् आलं की एकच शब्द, "पाड." आणि चहाला निघून जायचे. माझी पहिली भिंत त्यांनी चार वेळा पाडायला लावली. चौथ्या वेळी मी रडलो, तर म्हणाले, "रड, पण रडताना विटा भिजत घाल." कोरडी वीट चुन्या-सिमेंटातलं पाणी पिऊन टाकते हो, मग सांधा धरत नाही. भिंत दिसते सरळ, ओळंब्यात बसते, आणि आतून पोकळ.

आता माझं स्वतःचं घर. वीस बाय तीसची जागा, इथंच राजाजीनगरात, रविवारी रविवारी एकट्यानं बांधलेलं. सगळं झालं, स्वयंपाकघराची मागची भिंत राहिली. आणि बायकोला, अंबुबाईला, आठवा महिना. राहायला पत्र्याची खोली, ती गळायची. ती काही म्हणायची नाही, फक्त भांडं उचलून गळतीखाली सरकवायची. भटजींनी घरात जायचा मुहूर्त दिला पाच दिवसांवरचा. त्या आठवड्यात नळाला पाणी नाही. मी काय केलं? विटा कोरड्याच लावल्या. दुसऱ्या दिवशी गिलावा. सात दिवस पाणी मारायचं असतं, एक दिवस मारलं. मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी थापीची मूठ ठोकली...

ढब्!

दारात अंबुबाई. पोटाला हात लावून उभी. "काय हो, झालं का?"

मी म्हणालो, "झालं."

एवढंच. एक शब्द! तुम्हीच सांगा, आठव्या महिन्यातल्या बाईला मी काय "पाड" म्हणून सांगणार होतो?

तिसऱ्या दिवशी ती कॅलेंडर घेऊन आली आणि खिळा. दोन घाव घातले, तर ओंजळभर वाळू खाली! "अय्यो, हे काय?" मी धावलो, हातोडा काढून घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतका भरभर बोललो, "त्या भिंतीला खिळा मारायचा नाही. आमच्यात मारत नाहीत. देवीचं ठाणं आहे मागं."

मागं काय होतं सांगू? म्हशींचा गोठा!

पण अंबुबाईनं लगेच हळदकुंकू आणलं. भिंतीला पाच बोटं ओढली, हात जोडले. आणि तुम्हाला सांगतो, खोटं असं वाढतं की पाणी मारायची गरज नाही! शेजारच्या पद्मावतीअक्का शुक्रवारी ओटी घेऊन यायला लागल्या. मुलाचं, नागराजचं लग्न झालं, सून आली, पवित्रा, तिला अंबुबाईनं पहिल्या दिवशी काय शिकवलं? गॅस कसा लावायचा नव्हे, "त्या भिंतीला खिळा मारायचा नाही." आणि आश्लेषा! पहिलीपासून प्रत्येक परीक्षेला निघताना त्या भिंतीला कपाळ टेकते. टेकते आणि पहिल्या पाचात येते! अंबुबाई सहा वर्षांपूर्वी गेली, ती जाईपर्यंत मी तिला सांगितलं नाही. जाताना म्हणाली, "शुक्रवारचं कुंकू चुकवू नका."

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण पंधरा वर्षांपूर्वी मी गावाकडे लग्नाला गेलो, परत येऊन बघतो तर नागराजनं गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवलेली. कुठं? बरोब्बर त्या भिंतीच्या डोक्यावर! मी म्हणालो, "अरे, इथं कशाला?" तर म्हणतो, "अप्पा, तुम्ही बांधलेली भिंत, देवीची भिंत, तिच्याएवढी मजबूत कुठली?"

मी खाली आलो. जेवण गेलं नाही. खाली पवित्रा पोळ्या लाटत उभी, वर हजार लिटर पाणी.

तेव्हापासून मी दर दिवाळीला त्या भिंतीला एकटाच रंग देतो. कौतुक होतं, "बघा, या वयात किती भक्ती!" अहो, भक्ती कसली, भेगा बुजवतो मी! पहिल्या वर्षी केसाएवढी होती. मागच्या दिवाळीला नख आत गेलं.

तर परीक्षा. आश्लेषा म्हणाली, "अज्जा, एकटीनं अभ्यास बोअर होतो, मी मराठीत सांगते, तुम्ही ऐका." ऐकायला माझं काय जातं? पहिलाच प्रश्न. एका शहरात चौकात नवा सिग्नल बसवला, पुढच्या वर्षी अपघात निम्मे झाले, म्हणून सिग्नलमुळे अपघात कमी होतात. या म्हणण्याला कशानं धक्का बसेल? पाच पर्याय. ती पर्याय वाचायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या वर्षी रस्ता खणून ठेवला असेल. गाडीच जात नाही तर आपटणार काय?"

पोरीनं पुस्तक बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पुस्तक बघितलं. "अज्जा! पर्याय तीन! मेट्रोच्या कामासाठी रस्ता आठ महिने बंद होता! तुम्हाला कसं कळलं?"

म्हटलं, बाई, मी बेंगळुरूत राहतो.

मग दुसरा. एका ऑफिसात महागड्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांची पाठ दुखत नाही, म्हणून सगळ्यांना महागड्या खुर्च्या द्या. मी म्हणालो, "महागड्या खुर्चीत साहेब बसतो. साहेब कधी वाकतो का?" तेही बरोबर!

ती विचारते, "अज्जा, करता कसं?" आता काय सांगणार? मी म्हणालो, "बघ, खाली एक गोष्ट सांगितली, वर एक गोष्ट ठेवली. वरची खालचीवर टेकलीय का? मध्ये काहीतरी लागतं, ते कुणी बोलत नाही. मी फक्त एवढंच विचारतो, मधली वीट कुठाय?" ती म्हणाली, "अज्जा, यालाच पुस्तकात गृहीतक म्हणतात!" म्हटलं, म्हणोत बापडे.

आणि तिथून घराला साडेसाती लागली! पोर उठता-बसता तेच. नागराज आला, म्हणाला, "ट्रॅफिक होतं, उशीर झाला." झालं, "पप्पा, ट्रॅफिक रोज असतं, उशीर गुरुवारीच होतो. मधली वीट कुठाय?" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. गुरुवारी तो मित्राकडे मिरची-भजी खायला जातो, डॉक्टरांनी बंद केलीत! पवित्रा म्हणाली, "मोलकरीण आली नाही, म्हणजे तिला दुसरं काम मिळालं." "आई, मधली वीट कुठाय?" शेवटी पवित्रा कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली, "मामंजी, तुम्ही पूर्वी किती छान गप्प असायचात हो!"

मीही हसलो. सगळे हसलो. पण तुम्हाला सांगतो, मी हसत असलो तरी डोळा माझा स्वयंपाकघराकडे. पोर सगळ्या घराला ठोकून बघत चालली होती. एकेक भिंत. एक ना एक दिवस ती त्या भिंतीपाशी येणार, हे मला काय पुस्तकात वाचायला हवं?

एका दुपारी ती म्हणाली, "अज्जा, आज एक फसवा मुद्दा. एखाद्याचा युक्तिवाद पोकळ निघाला ना, तरी त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही हं. कारण चुकीचं असेल, पण गोष्ट खरी असू शकते. मुलं इथंच मार्क घालवतात."

मी विचारलं, "म्हणजे... कुणी चुकीचं कारण देऊन म्हणाला, घर पडणार... तर घर पडू शकतं?"

"हो! एक्झॅक्टली! अज्जा, तुम्ही हुशार आहात!"

त्याच वेळी आत काहीतरी सांडल्यासारखं झालं. वाळू. बारीक. पवित्रा म्हणाली, "मुंग्यांनी भोक पाडलंय वाटतं देवीच्या मागं." मी उठून केरसुणी घेतली. सुनेला झाडू दिलं नाही.

आता मागचा रविवार ऐका. दुपारी आश्लेषाची परीक्षा. आणि सकाळी दहाला रघुपती हजर. हा एका बिल्डरचा माणूस. आमच्या ओळीतली सहा घरं पाडून तिथं मोठी इमारत करायची, प्रत्येकाला फ्लॅट. पाच जणांनी सह्या दिल्या, राहिलो आम्ही. घर माझ्या नावावर. नागराजचं मन होतं, माझं नव्हतं. का नव्हतं? अंबुबाई ज्या ओट्यापाशी उभी राहायची तो ओटा मी कुणाच्या घणाखाली देऊ? आणि आश्लेषा माझ्या बाजूची. ती म्हणायची, "अज्जा, मी आहे तोवर घराला कुणी हात लावत नाही."

रघुपती बसला. गोड माणूस. "अज्जा, स्वल्प ऐका. पाच घरांनी होकार दिला, म्हणजे योजना चांगलीच आहे ना?"

आश्लेषा हॉल तिकीट हातात घेऊन उभी. "अंकल, पाच जणांनी सही केली म्हणजे पाच जणांनी सही केली. चांगली कशी? मधली वीट कुठाय?"

"सरी, सरी, बरोबर," रघुपती हसला, पण खुर्चीत जरा मागं सरकला.

नागराज म्हणाला, "आश्लेषा, हे तुझं पुस्तक नव्हे. पद्मावतीअक्कांचं घर बघ. आपलं आणि त्यांचं एकाच वर्षी बांधलेलं. त्यांच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. म्हणजे आपलंही घर जाणार. मी अप्पांच्या काळजीनं बोलतोय."

"पप्पा, त्यांनी वर दोन मजले चढवले, आपण चढवले का? त्यांचं घर कुणी बांधलं, माहीत आहे? वर्ष एक, पण हात एक नाहीत!"

काय बोलत होती पोर! उभ्या उभ्या दोघांची भिंत आडवी केली. माझी छाती भरून आली... आणि डोळा परत स्वयंपाकघराकडे गेला. कारण आता ती स्वतःची भिंत रचायला लागली.

"हे घर माझ्या अज्जांनी बांधलंय. दुसऱ्याची भिंत ठोकून दोष सांगणारा माणूस आपल्या घरात दोष ठेवेल का? म्हणून हे घर पक्कं आहे." आणि तेवढ्यात स्वतःच थांबली. शहाणी पोर ना! हसली. "थांबा, इथं माझीच मधली वीट राहिली. तीही बसवून टाकते. अज्जा, तुम्ही सगळ्या भिंती वाजवून बघितल्यात ना? सगळ्या भरीव आहेत ना? एवढं सांगा, विषय संपला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोर मघापासून सगळ्यांना विचारत होती, मधली वीट कुठाय, मधली वीट कुठाय, आणि ती वीट खुर्चीत बसून चहा पीत होती!

एक शब्द लागत होता. "आहेत." तसाच एक शब्द, पूर्वी म्हणालो होतो तसा. जीभ टाळूपर्यंत आली. घर राहिलं असतं, ओटा राहिला असता, पोर हसत परीक्षेला गेली असती. आत पवित्रा लेकीसाठी केसरीबात, म्हणजे आपला गोड शिरा, ढवळत होती, माझ्याकडे पाठ. दारातून दिसत होती. पाठीपलीकडे भिंत, भिंतीवर देवीची पाच बोटं, आणि बोटांच्या वर, छताला लागून, ती भेग. दिवाळीला बुजवलेली. परत उघडलेली.

मी उठलो. कपाटावरून थापी काढली. आश्लेषा टाळ्या वाजवायला लागली, "बघा आता! लाइव्ह डेमो!"

पुढची भिंत. टण्! "एक!" पोर मोजते. बैठकीची. टण्! "दोन!" जिन्याकडची. टण्! "तीन!" रघुपतीनं कागद पिशवीत घालायला घेतले. नागराज मान खाली घालून हसतो, हरलो म्हणून. मी स्वयंपाकघरात गेलो.

पवित्रा वळली. "अय्यो मामंजी, तिला नको! देवीचं..."

ढब्!

अठ्ठेचाळीस वर्षांनी तोच. उलट पक्का झालेला, माझ्यासारखा. आणि आत कुठंतरी वाळू घसरत गेली, बराच वेळ घसरत गेली, सगळ्यांनी ऐकली. पोर "चार" म्हणाली नाही.

मग मी सांगितलं. कोरड्या विटा, एक दिवस पाणी, "झालं." सगळं. हळूहळू, मला तसंच येतं.

पहिली बोलली पवित्रा. "मग... देवी?"

"नाही."

"मागं काय होतं?"

"गोठा."

"मामंजी, मी चोवीस वर्षं दर शुक्रवारी म्हशींना कुंकू वाहिलं?"

म्हटलं, "म्हशी कधीच गेल्या. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे."

ती हसेल असं वाटलं. नाही हसली. केसरीबातचं भांडं उचललं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. त्या भिंतीपासून जितकं लांब जाता येईल तितकं.

नागराज गच्चीवर गेला. टाकीची तोटी सोडली. सबंध पंधरा मिनिटं पाणी पन्हाळीतून धो धो वाहत होतं, पद्मावतीअक्का ओरडत होत्या, "नागराजा, पाणी वाया चाललंय की!" आणि रघुपतीनं पिशवीतून कागद परत बाहेर काढले. हळूच. पेनचं टोपण काढून माझ्याकडे धरलं. "अज्जा... इथं."

मी सही केली. ज्योतिबा. तीन अक्षरं, त्यालाही मला वेळ लागतो. सही करताना आश्लेषाकडे बघून म्हणालो, "बाळा, तूच सांगितलं होतंस की. कारण पोकळ असलं तरी गोष्ट खरी असू शकते. तुझ्या पप्पांचं कारण पोकळ होतं. पण..."

तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. निघायची वेळ झाली होती. पिशवी खांद्याला, हॉल तिकीट, पाण्याची बाटली. सवयीनं पाय स्वयंपाकघरात गेले. पहिलीपासूनची सवय ती. भिंतीसमोर गेली, डोळे मिटले, कपाळ पुढं केलं... आणि वितीवर थांबली. डोळे उघडले. देवीची पाच बोटं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, त्या पाच पर्यायांच्या प्रश्नाकडे बघतात ना पोरं, एकही बरोबर वाटत नाही तेव्हा, तसं.

मी म्हणालो, "अगं, केसरीबात तरी घासभर..."

ती दारात गेली. चपला घातल्या. फाटक उघडलं, लावलं, आणि गेली. फाटकही मीच बसवलंय, पण ते नीट बसवलंय. लावताना जरासुद्धा आवाज झाला नाही.